गुडघा बसला, हात चालले

मुरबाडच्या तालमीत आम्ही हुतुतूसाठी अंग कमावत होतो, ती पन्नास सालानंतरची वर्षं. मी चढाईचा गडी. पहाटे जोर-बैठका, मग शेतांच्या बांधांवरून 'हुतुतू' म्हणत दम तुटेपर्यंत धावायचं. वस्ताद सांगत त्याच्या दुप्पट मी करायचो. माघात शहापूरच्या संघाशी सामना ठरला होता आणि मला थांबणं ठाऊकच नव्हतं.

भातकापणीच्या सुमाराला एका बांधावरून उडी मारताना उजवा गुडघा आतल्या आत फिरला. संध्याकाळपर्यंत टम्म सुजला. वस्तादांनी घरी येऊन तो चाचपला, आंबेहळद आणि रक्तबोळाचा लेप बांधला.

"मी सांगेपर्यंत बैठक नाय, धावणं नाय," ते म्हणाले. "गप बसायचं."

नेमकं तेच मला जमेना. ओटीवर बसलो की मांडी आपोआप उडायची. तालमीतून शड्डूचा आवाज आला की लेप ओरबाडून काढावासा वाटे. जेवण जाईना. घरात ज्याच्यात्याच्यावर खेकसू लागलो. एका सकाळी दाराच्या चौकटीला लोंबकळून हात ताणत होतो, तर भिंतीची माती सुटून खाली बसलेल्या आईच्या डोक्यावर पडली. आई पदर झटकत उठली. आत बायको नाचणी दळत होती. तिनं जातं थांबवलं.

"अवो, वस्तादांनी पायाला मनाई केलीय, हातांना नाय. या इथं, बसा."

जात्यापाशी एक पाय लांब करूनच बसतात, त्यामुळे दुखरा पाय सरळ राहिला. पहिल्या दिवशी सूपभर नाचणीतच माझी मनगटं भरून आली. "मनगटानं नका ओढू, पाठ लावा," ती म्हणाली. वडील अंगणातून बघत होते. "लोक काय बोलतील रे?" त्यांनी विचारलं. मला हात थांबवता येईना. पुढं आळीतल्या बायका आपल्या दळणाच्या टोपल्या आणून ठेवू लागल्या, तेव्हा वडील दार लोटून घेत.

वस्ताद एकदा आले, थोडा वेळ बघत उभे राहिले. "डावा हातपण लाव," म्हणाले आणि गेले.

माघापर्यंत मी सरळ धावू लागलो, पण वळताना गुडघा दगा द्यायचा. सामन्याच्या सकाळी वस्तादांनी मला पकडीसाठी कोपऱ्यात उभं केलं.

"मी चढाईचा गडी हाय," मी म्हटलं.

"होतास."

शहापूरचा एक उंच गडी चढाईला आला. त्यानं पाय लांबवला आणि मी घोटा धरला. त्यानं मला मातीतून रेषेपर्यंत फरफटत नेलं, पण माझी पकड सुटली नाही. त्याचा दम तुटला. आमचे गडी माझ्या पाठीवर थापा मारत होते आणि मी मात्र आमच्याकडून पुढच्या चढाईला निघालेल्याकडे बघत होतो.

"जिंकलात ना?" घरी बायकोनं विचारलं. "मग तोंड असं का?"

"मला पलीकडं जायचं होतं."

तिनं गुडघ्यावर शेकायला गरम पाण्यात फडकं भिजवलं.

त्यानंतर कित्येक वर्षं मी कोपराच सांभाळला आणि बऱ्यापैकी नाव झालं. तरी आपला गडी चढाईला निघाला की माझ्या टाचा जमिनीवरून उचलल्या जायच्या. मैदानाबाहेरून वस्ताद खाकरायचे. "टाच खाली ठेव रे."