तीन भावांत तीन डिस्क

फोटो स्टुडिओवाल्यांच्या त्या घरात मुलगी एकच, तीन भावांच्या मधोमध जन्मलेली. धाकटा तिला ताई म्हणे, आपणही ताईच म्हणू. थोरल्याने मात्र तिचं नाव पाडलं होतं डबाबाई. मागच्या खोलीत फळीवर एक काळा डबा होता आणि तिचं सगळं आयुष्य त्या डब्याभोवती गेलं होतं.

डबा म्हणजे स्टुडिओतल्या सगळ्या कॉम्प्युटरांचं सामायिक कपाट. कुठल्याही टेबलावरून फोटो ठेवा, वायरीतून तो इथेच येऊन पडायचा. आत तीन हार्ड डिस्क. ताईने तो आपल्या हाताने लावला, कुणाला काय दिसावं आणि कुणाला काय पुसता यावं ते ठरवलं, वडिलांच्या काळातल्या निगेटिव्ह एकेक स्कॅन करून आत भरल्या. पंख्यातली धूळ ती मऊ ब्रशने काढी. दिवा हिरवा आहे ना, हे सकाळी देवापुढे हात जोडायच्या आधी बघे. देव त्यावरून रागावला नसावा.

एकदा एक डिस्क मेली. थोरल्याने कपाळाला हात लावला. ताईने मेलेली काढून कोरी घातली आणि उरलेल्या दोघींच्या आधाराने ती हळूहळू भरून आली. एकही फोटो गेला नाही. प्रत्येक फोटो तुकड्यातुकड्यांनी तिघींत वाटलेला असायचा. कुठल्याही दोघी असल्या की भागे, एकटी मात्र कवडीच्या कामाची नसे. तेव्हा ताईने वडिलांकडे आणखी एक डबा मागितला होता. एक इथे, एक दुसऱ्या जागी, म्हणजे आग लागली तरी चिंता नाही.

वडील गिऱ्हाइकांसमोरच म्हणाले, "एक नवरा मिळेना, आणि हिला डबे दोन हवेत."

गिऱ्हाइकं हसली. ताईही हसली. दुसरा डबा काही आला नाही.

वडील गेले आणि वाटणी निघाली. दुकान विकायचं ठरलं, कॅमेरे गेले, खुर्च्यासुद्धा गेल्या. ताईला थोरल्याच्या घरामागची खोली आणि त्याच्याच घरी दोन वेळचं जेवण. तिने एवढंच मागितलं, की डबा माझ्याकडे राहू द्या. लोक जुने फोटो मागत येतात, कुणाची आई गेलेली असते, कुणाचा बाप. छापून देईन, माझं पोट मी भरेन, कुणाच्या ताटावर बसणार नाही.

मधला म्हणाला, फोटो बापाचे, म्हणजे तिघांचे. डबा उघडला तर आत डिस्क तीन. थोरला म्हणाला, बघा, देवानेच मोजून ठेवल्यात. देवाचं नाव माणूस कुठे कुठे घेतो! ताईने हात जोडून समजावलं, वेगळ्या केल्यात तर कुणालाच काही दिसणार नाही, निदान दोन तरी एकत्र ठेवा. पण दोन कुणाकडे ठेवायच्या, यावर घोडं अडलं आणि ज्याची त्याने खिशात घातली. रिकामा डबा ताईला मिळाला.

मधल्याने आपली डिस्क घरच्या टीव्हीला लावली. टीव्हीने विचारलं, पुसू का? हा म्हणाला, पूस. वर सिनेमे भरले आणि ताईला हसत हसत सांगितलंही. ताईने मनाशी मोजलं, अजून दोन होत्या. दोन पुरणार होत्या.

ती धाकट्याकडे गेली. वाटणीपासून थोरल्याचं आणि त्याचं एकमेकांचं तोंडही बघणं बंद होतं, त्यामुळे त्याने आढेवेढे घेतले. पण त्याची मुलगी चार वर्षांची होऊन देवाघरी गेली होती आणि तिचे सगळे हसरे फोटो त्या डब्यातच होते. शेवटी त्याने डिस्क रुमालात गुंडाळून दिली.

"दादा देणार असेल तरच लाव, ताई. माझ्यासाठी त्याच्या पाया पडू नकोस."

ताई तशीच थोरल्याकडे आली. तो जेवायला बसायच्या बेतात होता. त्याने सगळं नीट ऐकून घेतलं, मध्ये एकदाही टोमणा मारला नाही. तिला वाटलं, विरघळला.

"म्हणजे त्याच्या एकट्या डिस्कचा उपयोग नाही?"

"नाही, दादा."

"आणि माझी मोडली तर?"

खोटं बोलायचं ताईच्या जिभेला वळण नव्हतं.

"मग कायमचं गेलं."

"त्याच्या पोरीचंही?"

"सगळंच."

थोरला उठला, कपाटातून डिस्क घेऊन आला. ताईने दोन्ही हात पुढे केले. त्याने ती उंबऱ्यावर ठेवली आणि बायकोकडे हातोडा मागितला. वहिनीने काही न विचारता दिला. चार घाव बसले तशी आतली चकचकीत तबकडी वाकून वर आली. आणखी दोन त्याने सावकाश मारले.

"सांग त्याला," तो म्हणाला, "आता दोघांचं सारखं झालं."

मग हात धुऊन पाटावर बसला. वहिनीने मान खाली घालून दुसरं पान मांडलं.

"ये, बस. गार होतंय," थोरला ताईला म्हणाला.

ताईने रुमालातली डिस्क भिंतीशी ठेवली, हात धुतले आणि त्याच्या शेजारच्या पाटावर बसली. थोरल्याने स्वतःच्या हाताने तिला भाजी वाढली. उद्याही इथेच जेवायचं होतं, परवाही. तिने पहिला घास घेतला.