घमेल्यातला मामा

घरात एक मास्तर असला की किस्से आपोआप साचतात. आमच्याकडे तर रिटायर्ड हेडमास्तर आहेत: आबा, म्हणजे माझे वडील. मी पॉलिटेक्निक अर्ध्यात सोडलं, तेव्हापासून त्यांच्या लेखी मी कामातून गेलोय. आणि मीच ताईच्या पोरीला, मनूला शिकवायला बसलो!

मनू साडेतीन वर्षांची. घरात पोपट, बाहेरच्यांसमोर दगड. चंद्रपूरला नर्सरीचा इंटरव्ह्यू होता. आयुष्यभर पोरांना गप्प बसवणाऱ्या माणसाला आता नात बोलायला हवी होती! मी मोबाइलवर बघून सेन्सरी बिन करायला घेतला. टबात एखादी थीम मांडायची, पोरानं त्यात हात घालून खेळायचं, खेळता खेळता बोलायचं. टब कुठला, रेतीचं घमेलं घासून घेतलं.

आबा म्हणाले, "पोरगी तिथी बोलली नाई, तर घमेल्यासकट तुले बाहेर काढतो."

०००

पहिली थीम तलाव. पाणी म्हणून तांदूळ निळा केला, खायचा रंग घालून. सकाळी घमेलं रिकामं! आईनं तो शिजवला होता. "तांदूळ का खेळाले असते रे?"

आबांच्या ताटात निळा भात. शेजारचे गोविंदाभाऊ डोकावले, "मास्तर, शाई खाऊन राह्यले का?"

०००

मग आबा म्हणाले, "शिकवाले शिस्त लागते," आणि घमेल्यात पाणी भरून स्वतःच बसले. चिंचोके म्हणजे मासे, चहाची गाळणी म्हणजे जाळं. बऱ्याच वेळानं आई ओरडली, "अवो, पोरगी कवाची झोपली!"

"थांब," आबा म्हणाले, "एक मोठा हाय तळाशी."

०००

दुसरी थीम जंगल. वाळकी पानं, मोहफुलं, मधे प्लॅस्टिकचा वाघ. आमचं घर मोहर्लीच्या रस्त्यावर, सफारीवाले थांबतातच. एक पाहुण्या बाई म्हणाल्या, "हाऊ क्यूट! हे ऑनलाइन मिळतं का?"

गोविंदाभाऊंनी मूठभर मोहफुलं नाकाशी धरली. "ऑनलाइन नाई बाई. पण थोडं भिजू द्या, मंग पहिल्या धारेची इथीच भेटते!"

०००

आबांचं खरं वाकडं त्या वाघाशी. मनू "वाघ! वाघ!" ओरडली की हे दार लावणार. जंगलाला लागून राहणारी आमची जुनी माणसं त्याचं नाव घेत नाहीत. घेतलं की येतो म्हणे. "मामा म्हण बाई, मामा," आबा तिला शिकवायचे. जन्मभर विज्ञान शिकवलेला माणूस!

मी म्हटलं, "आबा, प्लॅस्टिकचा हाय तो."

"जंगलातल्याले का मालूम?"

०००

इंटरव्ह्यूला ताईला सुट्टी मिळाली नाही. एका बाजूला मी, एका बाजूला आबा, मधे मनू. मॅडमनी वाघाचं चित्र धरलं. "सांग बाळा, हा कोण?"

मनू दगड. आबा माझ्याकडे असे बघत होते की घमेलं गेलंच, मीही गेलो.

"मामा," मनू म्हणाली.

मॅडम हसल्या. माझ्याकडे बोट केलं. "मामा तर हे. चित्रात कोण आहे?"

"मामा!" आणखी जोरात.

मॅडम चिकाटीच्या. "बरं, मामा आला की कसा गुरगुरतो?"

बाहेरच्या माणसासमोर मनू पहिल्यांदाच सविस्तर बोलली.

"मामा चूप ऱ्हायते. मामा घरी आला का आबा गुरगुरते!"