चूक गाडीची, पैलवानाची नाही

मंडळी, आज जे मैदानात नव्हते त्यांच्यासाठी तालमीच्या फळ्यावर लिहितोय.

महाराजांनी भरवलेल्या मैदानात माझी कुस्ती शिरोळच्या बाबालाल पैलवानाशी होती. तो आलाच नाही. “भ्यालं की बेणं!” लोक हसले. पंचांनी बिनलढत मला विजयाचा फेटा बांधला.

तासाभरानं तो आला, तो स्टेशन मास्तरांना हाताला धरूनच!

“गाडी उशिरा आली. भरपाईचा अर्ज करा म्हटलं, तर पैलवान ऐकत नाहीत,” मास्तर कुरकुरले.

“पैसं नगंत,” बाबालाल गरजला. “माझी अब्रू गेलीया, ती भरून द्या. मी भ्यालो न्हाय, एवढं समद्यांना सांगा की!”

मास्तरांनी हलगी थांबवून भर मैदानात तसं सांगितलं.

मी फेटा उतरवला. कुस्ती आता उद्या.

पण ज्यानं मास्तरांना स्टेशनातून हलवलं, तो गडी माझ्याच्यानं हलेल का?