टिंबांच्या ओळीवरचं नाव

नागपूरच्या कोर्टासमोरच्या कडुनिंबाखाली संघपाल गजभियेंचं टेबल चाळीस वर्षं होतं. आधी मराठी टाइपरायटर, पुढे मुलानं घेऊन दिलेला कंप्युटर आणि दम लागल्यासारखा धापा टाकणारा प्रिंटर. शपथपत्रं, वारसाचे अर्ज, नावातल्या दुरुस्त्या, तडजोडी, काय म्हणाल ते. शेजारचे टायपिस्ट दहा मिनिटांत कागद हातात देत; संघपालजींना अर्धा तास लागे, कारण त्यांचा एक नेम होता. कागद तयार झाला की ज्याचा त्याला तो मोठ्यानं वाचून दाखवायचा आणि तीनदा थांबून विचारायचं, "हे तुमचंच बोलणं आहे नं?" तीनदा होकार आल्याशिवाय पेन पुढे करायचं नाही. सही झाली की दोन्ही हातांनी कागद द्यायचा आणि म्हणायचं, "झालं तुमचं काम. या आता."

त्यांची बायको प्रेमिला यावरून त्यांना टोचायची. जरीपटक्याच्या शाळेत एकतीस वर्षं पहिली-दुसरीच्या पोरांना वळण लावलेली बाई. तिला रेंगाळणं खपत नसे. "अजी, तीन-तीनदा कायले विचारता? लोकं पळून जातात तुमच्या टेबलावरून."

"बुद्धाले शरण तीनदा जाते माणूस," ते म्हणायचे. "मंग सही एकदा विचारून कशी घेऊ वं?"

छप्पन साली, दोन वर्षांचा असताना, बापाच्या खांद्यावर बसून दीक्षेला गेलेला हा माणूस. त्याच्यापुढे यावर कोण बोलणार?

तर असे संघपालजी सप्टेंबरातल्या एका सकाळी दाढी करता करता आरशापुढेच कोसळले. मेंदूत रक्तस्राव. त्याला आता त्रेचाळीस दिवस झाले होते. गळ्याला भोक पाडून व्हेंटिलेटरची नळी, नाकात दुसरी नळी, डोळे अर्धवट उघडे आणि त्यात कोणी नाही. प्रेमिला रोज भेटीच्या वेळेला जाई, त्यांची नखं बघे, कानामागचा साबण नर्सनं नीट पुसला का ते बघे, आणि परत येई. घरी आलं की साडेसहाला फाटकाची कडी वाजायची वाट बघायची सवय अजून गेली नव्हती. कडी वाजायची नाही. तरी ती गॅसजवळून मान वळवायची.

त्रेचाळिसाव्या दिवशी डॉक्टर नंदिनीबाईंनी तिला समोर बसवलं. पोरगी तिशीतली, पण आडवळण घेत नव्हती. "काकू, ते परत येणार नाहीत. श्वास मशीन घेतेय. ती काढायची कायद्यानं सोय आहे. एक बोर्ड दवाखान्यातल्या डॉक्टरांचं बसतं, दुसऱ्यात सरकारी अधिकाऱ्यानं नेमलेला डॉक्टर असतो, मग मॅजिस्ट्रेटला कळवतात. काकांनी याबद्दल काही लिहून ठेवलंय का?"

"घरी बघून सांगते," प्रेमिला म्हणाली. कारण लिहून ठेवलं होतं, आणि ठेवलं नव्हतंही.

झालं होतं असं. दोनेक वर्षांपूर्वी एक निवृत्त प्राध्यापक त्यांच्या टेबलावर आले. त्यांना कागद करायचा होता, की शुद्ध परत यायची आशा नसेल तर मला यंत्रावर जगवू नका. सर्वोच्च न्यायालयानं त्याची रीत सोपी केली होती: दोन साक्षीदार, नोटरी, आणि एक प्रत स्थानिक कचेरीत नेमलेल्या अधिकाऱ्याकडे. संघपालजींना तो कागद फार आवडला. "आपले बी करून टाकू," ते घरी येऊन म्हणाले. "दोघांचे एकाच दिवशी. साक्षीदार मी आणतो."

प्रेमिलानं हात झटकले. "मले त्या मरणाच्या कागदावर सही करायची नाही. तशी बी मी आधी जाणार आहे."

त्यांनी दोनदा दिवस ठरवला. पहिल्यांदा तिला नेमकं चक्कीवर जायचं निघालं. दुसऱ्यांदा तिनं स्वतःचा चष्मा तांदळाच्या डब्यात लपवला आणि दिवसभर शोधत बसली. चष्मा कुठे आहे हे त्यांना माहीत असणार, कारण रात्री भात त्यांनीच टाकला. बोलले मात्र काही नाहीत. आणि तिच्याशिवाय स्वतःचाही कागद त्यांनी केला नाही. जगाची शपथपत्रं वेळेत, स्वतःचं राहिलं!

दवाखान्यातून येऊन तिनं त्यांच्या घरातल्या टेबलाचा खण उपसला. कागद सापडला. पहिलीच ओळ: मी, आणि पुढे टिंबं. गिऱ्हाइकांना दाखवायला करतात तसा नमुना. नाव नाही, तारीख नाही, सही नाही. टिंबं बघूनच तिनं तो घडी घालून पर्समध्ये टाकला. पुढे वाचायचा धीर झाला नाही.

तरी एक वेडी आशा होती, की आपल्याला न सांगता त्यांनी दुसरी प्रत भरून दिली असेल. दुसऱ्या दिवशी ती सरकारी कचेरीत गेली.

"मृत्यूचा दाखला का, मावशी?" पहिल्या खिडकीतला म्हणाला.

"नाही. माणूस जिवंत आहे."

"मंग हयातीचा दाखला. पेन्शनवाल्या टेबलाकडे जा."

"बापू, जित्या माणसानं मरणाबद्दल लिहिलेला कागद तुमच्याकडे राहते. त्याची वही दाखव."

त्यानं तिच्याकडे असं पाहिलं, जणू या बाईला ऊन लागलंय. तिसऱ्या मजल्यावर मात्र काजल नावाच्या एका मुलीला ठाऊक होतं. तिनं कपाट उघडून वही काढली. पानभरही नावं नव्हती. बोट खाली सरकवत तिनं दोनदा बघितलं. "गजभिये नाही, मावशी." मग उगीच अपराधी होऊन म्हणाली, "पाणी देऊ?"

संध्याकाळी मुलगा सुशील हैदराबादहून आला. त्याला सगळं कळल्यावर तो भडकला.

"आई, बाबाचा श्वास सुरू आहे अन् तू कचेऱ्या पालथ्या घालून राहिली? सरकारचं बी काय सांगतं! जगवासाठी वॉर्डात पलंग भेटत नाही, अन् माराले दोन-दोन बोर्ड!"

"मारत नाही कोणी. हट्टानं अडवून ठेवलं आहे, ते सोडायचं का एवढंच विचारून राहिले."

"एकच आहे ते."

एकच आहे का? गेले दोन दिवस प्रेमिला हेच घोळवत होती, आणि खरं सांगायचं तर तिला उत्तर सापडलं नव्हतं. पण तिला एक गोष्ट आठवत होती, ती तिनं सुशीलला सांगितली. लकडगंजकडचे दोन पुतणे एकदा म्हाताऱ्या काकूला घेऊन बाबाच्या टेबलावर आले होते. हाच कागद करायला. काकूच्या नावावर मोठं घर. बाबानं कागद वाचला, विचारलं, तुमचंच बोलणं आहे नं? काकू म्हणाली, मले तं दवाखान्यात नेतो म्हणून आणलं. बाबानं कागद फाडला आणि पुतण्यांना सगळ्या कोर्टाला ऐकू जाईल अशा आवाजात झापलं.

"त्या दिवशी घरी येऊन म्हणाले, सरकार दारात उभं पायजे वं. आत येऊन बसाले नोको, अन् दार सोडून जायाले बी नोको."

सुशीलनं खांद्यावरची बॅग आता कुठं खाली ठेवली. मग हळूच म्हणाला, "पण त्याची स्वतःची सही कुठं आहे?"

"नाही. माझ्यामुळं नाही."

हे ती पहिल्यांदाच कोणासमोर बोलली.

दुसऱ्या दिवशी नंदिनी डॉक्टरांनी तो टिंबांचा कागद पाहिला. कायद्याच्या लेखी हा कोराच, त्या म्हणाल्या. पण लिहिलेलं नसेल तर घरच्यांच्या संमतीनं बोर्ड बसू शकतं. म्हणजे आता सही प्रेमिलाची. तिनं पेन हातात घेतलं, आणि खाली ठेवलं.

"आधी वाचून दाखवते," ती म्हणाली. "त्यांचा नेम आहे."

पलंगाजवळ उभी राहून तिनं चष्मा लावला आणि वर्गात वाचावं तशा खणखणीत आवाजात सुरुवात केली. सुशील पायाशी उभा होता.

"मी, संघपाल धोंडबा गजभिये," टिंबांच्या जागी तिनं नाव घातलं, "राहणार नागपूर, पूर्ण शुद्धीत व कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून देतो की, माझी शुद्ध परत येण्याची आशा नाही असे डॉक्टरांनी ठरविल्यास मला यंत्रावर ठेवू नये." ती थांबली. "हे तुमचंच बोलणं आहे नं?"

मशीननं श्वास भरला, सोडला.

"मला नळीने संत्र्याचा रस देऊ नये. संत्रे सोलून, साल नाकाशी धरून, मग खायचे असते." हे कुठल्या गिऱ्हाइकाचं बोलणं असणार? प्रेमिला काटोलची, तिचा बाप बाजारात संत्री निवडायचा, आणि लग्न झाल्यावर तिनंच त्यांना अशी खायला शिकवली होती. तिनं चष्मा वर सरकवला. "तुमचंच आहे नं?"

शेवटची ओळ उरली होती.

"सदर निर्णयास उशीर झाल्यास माझ्या पत्नीस दोष देऊ नये. तिला चष्मा सापडायला वेळ लागतो."

तिसऱ्यांदा विचारायचं राहिलं. त्या माणसानं आत्ता उठून हसावं, एकदाच, चष्म्यावरून पुन्हा चिडवावं, याची तिला इतकी तहान लागली की तिनं पलंगाची दांडी धरली. ते उठले नाहीत.

सुशील रडत म्हणाला, "बाबाचंच आहे, आई. त्याचंच बोलणं आहे."

प्रेमिलानं संमतीच्या कागदावर सही केली. मग आपला टिंबांचा कागद मांडीवर घेऊन त्यावर नवऱ्याचं नाव लिहिलं. एक अक्षर चुकलं आणि गिरवावं लागलं.

"याची गरज नाही, काकू," डॉक्टर म्हणाल्या.

"मले आहे," ती म्हणाली, आणि गिरवल्या अक्षराशेजारी, खाडाखोड झाली की करायच्या त्यांच्या शिस्तीप्रमाणे, छोटी सही केली.

बोर्डांना नऊ दिवस लागले. दुसऱ्या बोर्डातले सरकारी डॉक्टर तिला बाजूला घेऊन म्हणाले, "बाई, तुमच्यावर कोणाचं दडपण नाही ना?" ती नाही म्हणाली. जरा वेळानं त्यांनी तेच पुन्हा विचारलं.

"आणखी एकदा विचारा," प्रेमिला म्हणाली.

ते गोंधळले, पण विचारलं. तिनं सांगितलं, "नाही. मलेच ते घरी पायजेत. पण हे त्यांचं बोलणं आहे."

दहाव्या दिवशी दुपारी त्यांना त्रास होऊ नये म्हणून आधी औषध दिलं, मग मशीन बंद केली. प्रेमिलानं पर्समधून एक संत्रं काढून सोललं आणि साल त्यांच्या नाकाशी धरली. वीस-पंचवीस मिनिटं लागली. ती वेळ मोजत नव्हती. सुशीलनं नंतर सांगितलं.

नर्सनं डॉक्टरांना बोलावलं, डॉक्टरांनी तपासून मान हलवली. प्रेमिलानं त्यांच्या छातीवरची चादर सारखी केली, नावाचा तो कागद दोन्ही हातांनी त्यांच्या हाताखाली ठेवला आणि म्हणाली, "झालं तुमचं काम. या आता."