पांढरीखालचा कोट

आखाजीचे, म्हणजे अक्षय्य तृतीयेचे, झोके उतरले की गावातल्या बायका पाट्या-कुदळी घेऊन पांढरीच्या टेकाडाकडे निघायच्या. तिथली चिकट पांढरी माती धाब्यावर पसरली नाही तर पावसाळाभर घर गळायचं. मी शाळामास्तर, नरडाण्याजवळच्या त्या खेड्यात नवाच. गावाला ते नुसतं मातीचं टेकाड. मला मात्र एका हिवाळ्यात सकाळच्या तिरप्या उन्हात त्याच्या चार सरळ कडा दिसल्या, चारी कोपऱ्यांना गोल फुगवटे दिसले, आणि झोपच उडाली. दोरीनं मोजलं, वहीत नकाशा काढला. अहो, कोट होता तो! कुणी न खणलेला, कुठल्याही दप्तरात नसलेला.

आनंद आखाजीपर्यंतच टिकला. बायका पायथ्याची मऊ माती उकरत होत्या आणि वर हातभर लांबीच्या विटांचा अख्खा बुरूज पुढे झुकला होता. नेमकी त्याच कोपऱ्यात माझी बायको बसायची. म्हटलं, "तिथं जाऊ नकोस." तर म्हणते, "धाबं गळायला लागलं की तुमची वही डोक्यावर धरू का?"

मग पाटील नानांना गाठलं. आत भिंत आहे, पडेल, माणसं मरतील, असं घसा कोरडा पडेपर्यंत सांगितलं. नाना डोळे बारीक करून म्हणाले, "भिंत शे म्हंजे घर शे, मास्तर. मग सोनाना हंडा बी व्हईच!" दुसऱ्या दिवशी सोन्याच्या आशेनं गडीमाणसंसुद्धा कुदळी घेऊन तिथं हजर. स्वतःची जीभ हासडावीशी वाटली मला.

अन्न गोड लागेना. भूतबित काही नसतं असं पोरांना छडी आपटून शिकवणारा मी, शेवटी चावडीवर जाऊन थाप मारली: भर दुपारी त्या कोपऱ्यात बिनमुंडक्याचा शिपाई पाहिला. बायकोलाही खरं सांगितलं नाही, तिच्या पोटात काही राहत नाही. लोकांनी तो कोपरा सोडला. ती सोडेल की नाही, याचा मात्र भरवसा नव्हता.

चार दिवसांनी वर्गात पाढे चालू असताना धप्पकन आवाज झाला आणि टेकाडावर धूळ उठली. ही सकाळीच पाटी घेऊन गेली होती. मी अनवाणीच धावत सुटलो. मनात काय काय येऊन गेलं, देवा! बुरूज आडवा झाला होता, आणि ही दूर पलीकडच्या उतारावर पाटी छातीशी धरून उभी. म्हणाली, "तुम्ही शिपाई बघितलात म्हणून गेले नाही हो तिकडे." मी सगळ्या बायकांसमोर रडलो.

काही वर्षांनी माझ्याच अर्जावरून धुळ्याहून पुरातत्त्व खात्याचे एक साहेब खणायला आले. दुप्पट मजुरी देऊ केली, तरी त्या कोपऱ्यात एकही माणूस कुदळ धरेना. मी चावडीवर हात जोडून कबूल केलं, "खोटं बोललो मी! तिथं कुणी नाही!" सगळे माझ्याकडे कीव आल्यासारखे बघत राहिले. नाना हळूच म्हणाले, "मास्तरले धरं त्यानी." शिपायानं मला झपाटलंय, असंच सगळ्यांनी ठरवलं.

साहेब आले तसे परत गेले. घरी आलो तर ही उंबऱ्यातच मीठमोहऱ्या घेऊन उभी.

"अगं, खरंच खोटं होतं ते," मी म्हटलं.

"खोटं असतं तर मी आज तुमच्यासमोर उभी असते का?" ती म्हणाली आणि माझ्यावरून मूठ ओवाळू लागली.