बैठकीतला धबधबा

कोणत्या तोंडानं सांगू, हाच प्रश्न आहे. पण चहा तुम्ही पाजताय, तेव्हा सांगतो. ज्या वर्षी लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं आणि अख्खा देश आमच्याकडं बघून हळहळत होता, त्या वर्षी उदगीरात माझ्या बैठकीत धबधबा होता. भिंतीभर!

हसू नका. आधी ऐकून घ्या.

आमचं उदगीर जिल्हा होणार, ही बातमी मी मिसरूड फुटायच्या आधीपासून ऐकून राहिलोय. लातूर वेगळा जिल्हा झाला तेव्हापासून आमच्या गावाला वाटतं, आता नंबर आपला. त्या वर्षी तर मोंढ्यात, म्हणजे आमच्या धान्यबाजारात, अशी हवा झाली, की कलेक्टरची खुर्ची रेल्वे स्टेशनवर उतरलीच आहे, फक्त हमाल मिळायचा बाकी आहे! माझं मोंढ्यात आडतीचं दुकान. पाऊस नाही म्हणून माल नाही, माल नाही म्हणून दिवसभर गप्पा. जिल्हा झाला की साहेब लोक येणार. साहेब आले की त्यांना घरं लागणार. आणि माझ्या घराचा पुढचा भाग, म्हणजे बैठक नि दोन खोल्या, रिकामाच होता. आम्ही मागच्या भागात राहायचो.

"पुढचा भाग पार साहेबी करून टाकू," मी बायकोला म्हणलं.

महानंदा म्हणाली, "आधी पाण्याचं बघा. टँकर कधी येतो नि कधी न्हाई, त्याचा पत्ता न्हाई."

"पाण्याचं सरकार बघतंय. मी भिंतीचं बघतो."

बघा, कसा बोललो! ह्या तोंडाला त्याच दिवशी कुणी कुलूप लावायला पाहिजे होतं.

आम्ही दोघं लातूरला गेलो. रंगाच्या दुकानातले टायवाले गृहस्थ म्हणाले, "सर, सध्या नेचर थीम चालू आहे. एका भिंतीला निसर्गाचा वॉलपेपर, बाकी तीन भिंतींना वॉर्म न्यूट्रल."

"वॉर्म म्हणजे?"

"उबदार, सर."

"अहो, आमच्याकडं पंखा सुद्धा गरम वाफा सोडून राहिलाय. अजून ऊब कुठं घालू?"

ते गोड हसले आणि रंगांचं कार्ड पंख्यासारखं पसरलं. वाळूचा रंग, मातीचा रंग, वाळल्या गवताचा रंग, कोंड्याचा रंग. महानंदा माझ्या कानाशी म्हणाली, "हे तर समदं आपल्या दारात पडलंय की हो." पण मला साहेबी पाहिजे होतं ना! मी वाळल्या गवताला बोट लावलं.

वॉलपेपरमध्ये तिला बांबूची पानं आवडली. मला आवडला धबधबा. काय होता म्हणता! हिरवंगार रान, शेवाळलेले दगड, आणि छतापासून फरशीपर्यंत पांढरंशुभ्र पाणी.

"बाहेर प्यायला पाणी न्हाई नि भिंतीवर धबधबा? लोक तोंडात शेण घालतील," महानंदा म्हणाली.

"लोकांचं सोड. उन्हातून आलेला साहेब आत शिरला की कसा गार झाला पाहिजे!"

झालं. रंग लागला. शेजारचे मन्मथअप्पा बघायला आले. अप्पा म्हणजे एसटीतून रिटायर झालेले ड्रायव्हर, माझ्याहून वडील. आमची नि त्यांची भिंत एक, गच्ची एक, सणावाराचं ताट एक. त्यांनी तिन्ही भिंतींवरून नजर फिरवली आणि विचारलं, "रंग कधी देणार मग?"

"दिला की, अप्पा!"

"दिला? मला वाटलं धुळा बसलाय."

मी मनात म्हणलं, ह्यांना काय कळतंय! पण चौथ्या भिंतीवर धबधबा चढला तेव्हा अप्पाही टक लावून बघत बसले. खोटं कशाला बोलू, मलाही तहान लागली. त्यावर माझी हौस बघा. दुकानदारानं एक लाकडी पक्षी भेट दिला होता, निळ्या पंखांचा, पाण्यावर झेप घेणारा. तो मी धबधब्याच्या वरच्या अंगाला लावायचं ठरवलं. खिळा हातात घेतला तशी महानंदा म्हणाली, "अहो, टाकीचा पाईप त्याच भिंतीतून उतरतो ना?"

"पाईप कडेनं गेलाय. मी स्वतः उभा राहून टाकून घेतलाय." आणि हाणला खिळा! मस्त बसला. पक्षी काय दिसला म्हणता!

त्यानंतर आमच्या गच्चीवरच्या टाकीतलं पाणी कमी व्हायला लागलं.

टँकरनं हौद भरायचा, मोटरनं टाकीत चढवायचं, आणि सकाळी बघावं तर टाकी अर्धी! आम्ही आंघोळी तांब्यावर आणल्या. तरी अर्धी. मी नळ तपासले. एक थेंब गळत नव्हता. मग पाणी जातं कुठं? तुम्हीच सांगा, माणसाच्या मनात काय येईल?

मी अप्पांच्या अंगणात डोकावलो. गल्लीतलं झाडन् झाड वाळून काडी झालेलं, आणि आमच्या भिंतीलगत लावलेला अप्पांचा मोगरा हिरवागार! वर कळ्या! अजून काय पुरावा पाहिजे?

मी टाकीच्या झाकणाला कुलूप ठोकलं. तरी पाणी कमी. मग भर दुपारी छत्री उघडून गच्चीवर पहाऱ्याला बसलो. अप्पा वाळलेल्या मिरच्या काढायला वर आले. मी म्हणलं, "या, या. आज काय न्यायला आलात?"

"मिरच्या."

"मिरच्याच का? का अजून काही?"

अप्पांनी कुलूप बघितलं, मला बघितलं. "शिवा, सरळ बोल."

"तुमचा मोगरा लई माजलाय, अप्पा. आमची टाकी वाळून राहिली नि तुमचा मोगरा माजलाय."

अप्पांनी मिरच्यांचं सूप उचललं नि खाली गेले. त्या दिवसापासून बोलणं बंद. मी मात्र गल्लीत, मोंढ्यात, जिथं चहा मिळेल तिथं सांगत सुटलो, की शेजारी कसा नसावा.

इकडं धबधब्याची कीर्ती वाढून राहिली होती. येईल तो भिंतीला हात लावायचा नि ओरडायचा, "अरे, गार लागतंय की!" मी छाती फुगवून सांगायचो, "माल भारीतला आहे. जिवंत निसर्ग!" महानंदा एकदा म्हणाली, "भिंत ओली वाटून राहिली." मी म्हणलं, "गोंद वाळायला वेळ लागतो. तुला त्यातलं काय कळतं?"

त्यातच माझ्या सासूबाई राहायला आल्या. त्या कर्नाटकातल्या, भालकीकडच्या, बोलणं सगळं कानडी. सासरी कानडी असून मला कानडी येत नाही, पण येत नाही म्हणायची लाज वाटते, म्हणून मी हसून मान हलवतो. त्या रोज धबधब्याकडं बोट दाखवून म्हणायच्या, "नोड्री, ग्वाडी हसी अद!"

मला काय ऐकू आलं? गोडी आणि हसी! म्हणलं, वा, सासूबाईंना चित्रात गोडी दिसली, हसू दिसलं. मी पण रोज म्हणायचो, "हाव हाव, लई हसी अद!" त्या कपाळाला हात लावायच्या. मला वाटायचं, जावयाच्या हौसेला नमस्कार करून राहिल्यात.

शेवटी एका रविवारी साहेब आले. बदलीवर आलेले, खोल्या शोधणारे, आणि खातं कोणतं? पाणीपुरवठा! जिल्हा काही झाला नव्हता, पण साहेब तर आले. उन्हातून आत आले नि धबधब्यासमोर सोफ्यावर बसले. "वा! एकदम गारवा आहे इथे," म्हणाले. मी महानंदाकडं असं बघितलं, असं बघितलं!

चहा झाला. साहेबांनी विचारलं, "पाण्याची काय परिस्थिती?" आता गप बसावं की नाही? पण पाणीपुरवठ्याचाच साहेब समोर. मी सगळं गाऱ्हाणं ओतलं. टाकी, कुलूप, मोगरा. नेमके अप्पा अंगणात होते. भिंतीपलीकडून त्यांनी सगळं ऐकलं आणि थेट बैठकीत येऊन उभे राहिले.

"साहेब, जिंदगीभर एसटी चालवली. कुणाला फुकट बसवलं न्हाई. आन हा मला पाणीचोर म्हणून राहिला. शिवा, दाखव. कुठून चोरलं, दाखव!"

"दाखवतो की!" म्हणत मी ताडकन उठलो आणि आवेशात धबधब्याच्या भिंतीवर मूठ आपटली.

मूठ आत गेली.

आत म्हणजे, कागदामागं पाण्याचा फुगा साठला होता, त्यात! पक्षी खिळ्यासकट निघून साहेबांच्या कपात पडला. खिळ्याच्या भोकातून अशी चिळकांडी उडाली, की साहेबांचा पांढरा शर्ट छातीपासून भिजला. आणि मग तो अख्खा धबधबा, रान, शेवाळ, दगड सगळं घेऊन, भिंतीवरून सावकाश सुटला आणि माझ्या डोक्यावर आला.

कागदाच्या आत मला फक्त आवाज ऐकू येत होते. सासूबाई ओरडत होत्या, "ग्वाडी हसी! ग्वाडी हसी!" महानंदा ओरडत होती, "अहो, भिंत ओली हाय, भिंत ओली हाय, आई रोज हेच सांगून राहिली होती तुम्हाला!"

मी कागदातून डोकं काढलं. काय दृश्य होतं! त्या दिवसात पाणी वाया जाताना बघणं कुणाला सहन होणार? महानंदानं बादली लावलेली, सासूबाईंनी पातेलं, साहेब गुडघ्यावर बसून परात धरून राहिलेले. आणि अप्पा? अप्पांनी खुर्चीवर चढून भोकावर अंगठा दाबून धरला होता. ज्याला चोर म्हणलं, तोच माझं पाणी अडवून उभा!

अप्पा भिंतीकडं बघत म्हणाले, "आत्ता कळलं. पलीकडून भिंत पाझरून राहिली होती. म्हणून मोगरा हिरवा!"

आता मी पाय धरायला पाहिजे होते की नाही? पण माझं तोंड! ते म्हणालं, "म्हणजे पाणी तुमच्याकडंच गेलं की, अप्पा!"

महानंदानं भरलेली बादली उचलली. एक क्षण वाटलं, माझ्यावर ओतते. पण दुष्काळ होता, म्हणून वाचलो.

मेन वाल्व बंद करेपर्यंत टाकी रिकामी झाली, हौद आधीच कोरडा, आणि बादल्यांत धरलेलं पाणी गोंदानं चिकट. संध्याकाळी घरात प्यायला पाणी नाही. महानंदानं घागर माझ्या हातात दिली. "जा, अप्पांकडून मागून आणा. आन आधी माफी, मग पाणी."

गेलो. बघतो तर अप्पांच्या ओट्यावर साहेब बसलेले, अंगात अप्पांचा कोरडा शर्ट, हातात चहा. मी अप्पांपुढं हात जोडले. "गलती झाली, अप्पा. पदरात घ्या." अप्पांनी घागर घेतली नि रांजणातून भरायला लागले.

मग मी हळूच साहेबांना विचारलं, "साहेब, आमच्या खोल्यांचं काय ठरवलंत?"

साहेब म्हणाले, "खोल्या उत्तम आहेत. पण मी अप्पांच्या रिकाम्या खोल्या घेतल्या. मालक म्हणून तुम्ही झेपणार नाही. शेजारी म्हणून चालवून घेईन."

अप्पांनी काठोकाठ भरलेली घागर माझ्या खांद्यावर ठेवली आणि म्हणाले, "जमंल हो, साहेब. सवय होऊन जाईल. मी ह्याचं लगीन झाल्यापासून चालवून घेऊन राहिलोय."