मुक्ताचा तरसमामा

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईलाही नाही. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही असं घरात सगळे म्हणतात, आणि ते खरंही आहे — पण ही एक गोष्ट मी आठवीत असल्यापासून पोटात ठेवली आहे. तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मुक्ताला ओळखत नाही, म्हणून असेल.

मुक्ता माझी चुलत बहीण. काका-काकू दिवाळीनंतर ऊसतोडीला जायचे, ते उन्हाळ्याच्या तोंडावर परत यायचे. तेवढे महिने ती आमच्याकडे, धारूरजवळच्या वस्तीवर. वय सहा-सात, नुकतीच शाळेत घातलेली. तिला हात धरून शाळेत न्यायचं आणि आणायचं, हे माझं काम. वाटेत एक ओढा, त्यापुढं मोकळा माळ आणि बाभळी. ओढ्यापाशी माझ्या मैत्रिणी सायकली घेऊन थांबायच्या. मी मुक्ताचा हात सोडायचे, कुणाच्या तरी कॅरियरवर बसायचे आणि — आणि जायचे. उरलेली वाट ती एकटी चालायची. येतानाही तसंच. हे वाईट आहे हे मला कळत नव्हतं का? चांगलं कळत होतं. तिनं मात्र घरी एकदाही चुगली केली नाही.

तिनं काय केलं ते ऐका. तिनं सोबतीला एक तरस घेतलं.

एकदा जेवताना ती सहज म्हणाली, "मला मामा शाळंत सोडाया येतो." काकूला भाऊच नाही, मग मामा कुठून आला? आईनं विचारलं, तर म्हणाली, "तरस." सगळे हसले. मग हसता हसता ऐकायलाच लागले. त्याचे मागचे पाय आखूड असतात, म्हणून तो हळू चालतो आणि तिचं त्याच्याशी जमतं. पाठ घसरगुंडीसारखी, त्यामुळं वर बसायची सोय नाही. तोंडाला वास येतो, पण मामाला तसं म्हणायचं नसतं. शाळेच्या फाटकापाशी तो थांबतो, कारण हजेरीत त्याचं नाव नाही. शाळा सुटायच्या वेळी पुन्हा न्यायला येतो.

तिनं तरस कधी पाहिलेलं नव्हतं. घाटात असतं, एवढं आबांकडून — माझ्या वडिलांकडून — ऐकलेलं. घोडा घेता आला असता, हरीण घेता आलं असतं. पण ज्याचं नाव काढलं तरी पोरं आईला बिलगतात, तेच या पोरीनं हेरलं आणि सरळ नात्यात ओढलं. एवढीशी पोर! मी पुढं कॉलेज केलं, गोष्टींची पुस्तकं वाचली, पण इतकं नेमकं जनावर मला पुन्हा कुठं भेटलं नाही. आजही तिचं कौतुक वाटतं. तेव्हाही वाटलं होतं — आणि रागही आला होता. माझं बोलणं ऐकायला कुणी हातातला घास कधी थांबवला होता?

मग आबांनी विचारलं, "मंग तुजी ताई कुठं असती गं तवा?"

चोराच्या मनात चांदणं. मुक्तानं माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाली, "ताई फुडं असती. मामा मागं."

तिनं मला वाचवलं. आणि मी काय केलं?

दोन दिवसांनी आबा तिला परस्पर शाळेतून मोटारसायकलवर घेऊन आले. त्या दिवशी तिची नि मामाची गाठ पडली नव्हती; मला ती संधी वाटली. दुसऱ्या दिवशी ओढ्यापाशी मी तिला म्हणाले, "तुजं तरस मेलं. काल घाटात ट्रकखाली आलं. म्या बघितलं." मामाच नसला तर घरी मामाची गोष्ट निघणार नाही, माझं बिंग फुटणार नाही — एवढाच हिशोब. ती रडेल असं वाटलं होतं. तिनं फक्त विचारलं, "तोंड कुनीकडं हुतं त्याचं?"

सुचलं ते बोलले. शाळेकडं.

"मजी मलाच न्यायला आलता," ती म्हणाली. "मी आबासंग गेले. त्याला सांगितलंच न्हाई."

एक शब्द पुरला असता. ते दुसरं तरस असेल, एवढं म्हटलं असतं तरी झालं असतं. मी म्हणाले, वनखात्याच्या लोकांनी उचलून नेलं. खोटं पक्कं करायची अक्कल मात्र होती. तिनं दहा दिवस डोक्याला तेल लावू दिलं नाही, गुळाला हात लावला नाही. आईला वाटलं पोर आईबापाच्या आठवणीनं झुरतेय. कशाचं सुतक आहे ते तिनं सांगितलं नाही, मीही नाही.

आणि अजून एक राहिलंच. त्या दहा दिवसांत आणि नंतरही मी तिला ओढ्यापाशी सोडतच होते. आता ती माळावरून पळत जायची, दप्तर पाठीवर आपटत. मी सायकलवरून पाहायचे.

मुक्ता आता घाटनांदूरला अंगणवाडीत आहे. पोरं तिच्याजवळून हलत नाहीत. या दिवाळीत ती लेकीला घेऊन आली होती. आम्ही अंगणात सीताफळं खात बसलो होतो आणि ती लेकीला तरसमामाची गोष्ट सांगत होती. मला वाटलं, हसत सांगतेय, विसरली असेल बाकीचं. ती म्हणाली, "मला वाटायचं, मीच त्याला मनानं रचलंय. पर ताईनं डोळ्यानं बघितला ना मेलेला. मजी खराच हुता. मी सांगून गेले असते तर वाचला असता बिचारा."

लेकीनं माझ्याकडं वळून विचारलं, "मावशी, खरंच?"

मी म्हणाले, "होय."

मग तिनं आईला विचारलं, "तुला लई रडू आलं का गं तवा?"

"तवा न्हाई आलं," मुक्ता म्हणाली. "आता येतं कदी कदी." मी समोरच बसले होते.